कोथिंबिरीच्या जुडीवरचे ओझे

माननीय अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली,
यांस सादर.



हे पत्र मी मराठीत लिहीत आहे आणि सर्वांच्या समक्ष लिहीत आहे. आपल्या दफ्तरात ते पोहोचेल तेव्हा कोणी तरी त्याचा अनुवाद करून आपल्यापुढे ठेवील, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांच्या ताटातील अन्नाविषयी हे पत्र आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या अन्नाच्या पुड्यावर छापलेल्या मजकुराचा अनुवाद करून देणारे कोणी नाही, आणि मुख्यतः तेवढ्यासाठीच मी लेखणी हाती घेतली आहे.

मी सांगलीला राहते. येथील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि आता घरचा स्वयंपाक व नातवाचा अभ्यास अशी दोन खाती माझ्याकडे आहेत. गेल्या मे महिन्यात या दोन खात्यांची अकस्मात गाठ पडली. सहावीत गेलेला नातू झटपट शिजणाऱ्या नूडल्सचा पुडा घेऊन आला, वर्तमानपत्र वाचण्याचे माझे भिंग त्याने मागून घेतले, आणि पुड्याच्या पाठीवरील, शिवणीच्या घडीत अर्धवट दडलेला घटकांचा परिच्छेद एकेक अक्षर लावून तो वाचू लागला. शब्द संपले आणि आकडे आले : ५०१, ४१२, ४५१, ६३५, ३३०, १५०ड, १००. "आजी, खाण्याच्या वस्तूवर हे कसले आकडे?" असे त्याने विचारले, आणि आम्ही दोघे त्या सात आकड्यांच्या मागे लागलो.

त्या दुपारचा हिशेब मी मुद्दाम सविस्तर देते. ५०१ म्हणजे पोटॅशियमचे कार्बोनेट, आपल्या पापडखाराच्या जातकुळीतला क्षार. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांपासून काढलेला गोंद, ज्याचा मोठा व्यापार राजस्थानात चालतो. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबात असते. आणि १०० या आकड्याखाली काय आहे हे कळले तेव्हा नातू चकित झाला, कारण ते होते कुर्क्युमिन. ज्या हळदीच्या वासात आमचे सारे शहर वाढले, त्या हळदीचा रंग. उरलेल्या तिघांत ४५१ हे फॉस्फेट, १५०ड हा अमोनिया व सल्फाइट यांच्या साहाय्याने करपविलेल्या साखरेचा रंग, आणि ६३५ हे चव वाढविणाऱ्या दोन क्षारांचे मिश्रण, ज्यांचे शरीरात अखेर यूरिक आम्ल होते आणि म्हणून गाऊटने सांधे धरलेल्या माणसाला ज्यांचे नाव कळणे अगत्याचे आहे. सातांपैकी तीन आमच्या स्वयंपाकघरातले सोयरे निघाले, एक शेजारी निघाला आणि तिघांविषयी विचार करावा लागला. क्रमांक म्हणजे विष नव्हे, हे त्या मुलाला कळले. मात्र क्रमांकाआड सोयरा कोण आणि परका कोण हे घरी रसायनशास्त्र जाणणारी आजी असल्याशिवाय कळत नाही, हेही त्याला त्याच दुपारी कळले.

पण त्याचा खरा प्रश्न पुढेच होता. "आणि यावर भरपूर कोथिंबीर घातली, की यातले वाईट निघून जाते ना?" तसे कोणी तरी त्याच्या मित्राच्या आईला फोनवर पाठविले होते. माननीय अध्यक्ष, या एका भोळ्या प्रश्नाने मला जितके अस्वस्थ केले तितके त्या सात आकड्यांनी केले नव्हते.

अन्नमिश्रकांचे नाव काढताच भिणाऱ्यांपैकी मी नाही. अन्न टिकविणे ही मनुष्याची फार जुनी गरज आहे, आणि मिठात मुरविलेली कैरी असो की साखरेतला मोरंबा, परिरक्षण हे त्याही घरगुती कृतींचे प्रयोजन आहेच. तथापि गेल्या दहा-बारा वर्षांत, ज्या मिश्रकांना आपण निरुपद्रवी समजून चालत होतो त्यांच्याविषयी, विषबाधेहून निराळ्या आणि अधिक संथ अशा एका इजेचा पुरावा साचू लागला आहे, आणि ती इजा चयापचयाची आहे : साखर हाताळण्याच्या, चरबी साठविण्याच्या, आतड्यातील जिवाणूंशी सलोखा राखण्याच्या शरीराच्या रीतीत पडणारा फरक. २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, तेल आणि पाणी एकजीव करणारी दोन पायसीकारके, कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८०, उंदरांना दिली असता त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती बदलली, मंद दाह सुरू झाला आणि वजन व रक्तशर्करा यांचा तोल ढळला. २०२२ मध्ये त्यांपैकी पहिल्या द्रव्याची चाचणी सोळा निरोगी माणसांवर झाली. ज्यांना ते रोज १५ ग्रॅम या प्रमाणात अकरा दिवस दिले गेले, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता घटली. पंधरा ग्रॅम हे प्रमाण नेहमीच्या आहारात सहसा येत नाही, आणि ते येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु पावाला बुरशी धरू नये म्हणून घालतात त्या कॅल्शियम प्रोपिओनेटचे तसे म्हणता येणार नाही. २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी चौदा निरोगी माणसांना एका जेवणाबरोबर त्याचा केवळ एक ग्रॅम दिला, तेव्हा रक्तातील साखर चढविणारी संप्रेरके वाढली आणि शरीराला इन्सुलिनही अधिक खर्चावे लागले. मुंबईच्या ज्या पावावर वड्यापासून भाजीपर्यंत सर्वांची गुजराण चालते, तो गल्लीतल्या बेकरीत पहाटे भाजला जाऊन संध्याकाळी संपत असे तोवर त्याला या द्रव्याची गरज नव्हती. तो पिशवीत बंद होऊन दुकानाच्या फळीवर आठवडाभर राहू लागला, तेव्हा ती निर्माण झाली.

अशा इजेवर स्वयंपाकातील वनस्पतींचा काही उपयोग आहे काय? आहे, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. पण जेथे बाजार तो दाखवितो तेथे तो नाही.

उंदराला एखादे मिश्रक भरपूर पाजावे, सोबत एखाद्या वनस्पतीचा अर्क द्यावा आणि मग यकृताची इजा किती कमी झाली ते मोजावे, अशा धर्तीचे प्रयोग आपल्या देशात आणि बाहेरही पुष्कळ झालेले आहेत. त्यांतून मार्ग दिसतो, पण मात्रा दिसत नाही, आणि रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला मात्रेवाचून काहीच दिसत नाही. मेथीचे उदाहरण घ्या. १९९० साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना तेल काढून घेतलेली मेथीची पूड दहा दिवस दिली, तेव्हा उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. निष्कर्ष खरा आहे, संस्था विश्वासार्ह आहे, आणि कारणही समजण्याजोगे आहे, कारण मेथीतील चिकट तंतू पोटात फुगून साखरेच्या शोषणाचा वेग मंद करतात. परंतु ती पूड रोज १०० ग्रॅम दिली होती, दोन जेवणांत वाटून! फोडणीत आपण मेथीचे आठ-दहा दाणे टाकतो. हळदीचेही तसेच. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिले की दोन ग्रॅम कुर्क्युमिन नुसते घेतले तर ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, आणि मिरीतील पायपरीन वीस मिलिग्रॅम सोबत दिले असता त्याचे शोषण वीसपट वाढते. आता हळदीत कुर्क्युमिन शेकड्याला साधारण तीन भाग. चौघांच्या भाजीत अर्धा चमचा हळद पडली, तर एकेकाच्या वाट्याला कुर्क्युमिन येते दहा-बारा मिलिग्रॅम. दोन ग्रॅम आणि दहा मिलिग्रॅम यांत जे अंतर आहे, ते अंतर लपवूनच औषधी दाव्यांचा व्यापार चालतो.

म्हणून मला असे वाटते की या वनस्पतींकडे विषावरचा उतारा म्हणून पाहणे हीच मूळ चूक होय. त्यांचे कार्य इजा झाल्यानंतरचे नाही. ते आधीचे आहे, आणि सोबतचे आहे.

आधीचे म्हणजे काय, हे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० साली झालेल्या एका साध्या प्रयोगात फार सुरेख दिसते. अकरा माणसांना खिम्याची वडी खायला दिली. एकदा नुसती मीठ लावून भाजलेली आणि एकदा ओरेगॅनो, रोझमेरी, दालचिनी, आले, लवंग, मिरी, लसूण व लाल मिरची यांचा सुमारे अकरा ग्रॅम मसाला कालवून भाजलेली. भाजताना मांसातील चरबी जळून जे घातक ऑक्सिडीकृत पदार्थ बनतात, ते मसाल्याच्या वडीत फार कमी बनले आणि खाणाऱ्यांच्या लघवीतही त्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. हे अकरा ग्रॅम म्हणजे कुप्या-गोळ्यांतला अर्क नव्हे, पाट्यावरचे वाटण होय. मसाला आचेच्या आधी लागला होता, म्हणून तो उपयोगी पडला. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही घरात मटणाला प्रथम हळद, मीठ आणि आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण चोळून ते तासभर मुरवत ठेवतात. ही रीत ज्यांनी पाडली त्यांना ऑक्सिडीकरण हा शब्द ठाऊक नसेल, पण वाटण केव्हा लावायचे हे पक्के ठाऊक होते.

सोबतचे म्हणजे काय, याचे उदाहरण नायट्राइटचे आहे. टिकविलेल्या मांसात जे सोडियम नायट्राइट घालतात, त्यापासून जठरात कर्कजनक नायट्रोसो संयुगे बनू शकतात, आणि क जीवनसत्त्व त्या ठिकाणी हजर असेल तर ते नायट्राइटला आधीच गाठून ही अभिक्रिया अडविते, असे १९७२ साली अमेरिकेतील सिडनी मर्विश यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ते जीवनसत्त्व कच्च्या कोथिंबिरीत, लिंबात, पेरूत, आवळ्यात आहे. आचेवर ते बरेचसे नष्ट होते आणि त्याच जेवणाबरोबर पोटात गेले नाही तर त्याचा या कामी उपयोग राहत नाही. कोथिंबीर वरून, कच्ची, ताटात वाढतेवेळी पेरायची, हा आपल्या आयांचा शिरस्ता या एका बाबतीत अगदी बिनचूक ठरतो. त्यावरून कोथिंबीर घातली म्हणजे ६३५ नाहीसे होते असे मात्र ठरत नाही. फॉस्फेट, पायसीकारके, कृत्रिम रंग यांना पोटात गाठून निकामी करील असे त्या जुडीत काही नाही, आणि तसे मी नातवाला स्पष्ट सांगितले.

याहूनही मोठे कार्य त्या जुडीचे आहे, आणि ते बदलीचे आहे. चव वाढविणारी द्रव्ये पुड्यात का येतात? खाद्याला स्वतःची चव उरलेली नसते म्हणून. माझी आई तासगावला ज्या पाट्यावर वाटण वाटीत असे, तो पाटा आता माझ्याकडे आहे. प्रथम जाडे मीठ आणि हिरवी मिरची, कारण मिठाचे खडे मिरचीला फाडतात. मग लसूण व जिरे. मग कोथिंबिरीच्या काड्या, ज्या बाजारात आता लोक छाटून टाकतात आणि ज्यांत पानांहून अधिक वास असतो. शेवटी पाने, आणि ती दोनच हात फिरवून उचलायची, नाही तर काळी पडतात. वर अर्धे लिंबू. त्या वाटणाचा एक गोळा पिठल्यात पडला की मीठ निम्मे पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. ते पाळावे कसे, याचे मला ठाऊक असलेले एकमेव रुचकर उत्तर त्या पाट्यावर आहे. कढीपत्त्याविषयीही एक सांगावेसे वाटते. त्याच्या गुणांची वर्णने आपण ऐकतो, आणि मग फोडणीतली पाने वेचून ताटाच्या कडेला काढून ठेवतो. ज्या घरी कढीपत्त्याची सुकी चटणी होते, पाने मंद आचेवर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे व लसणीबरोबर कुटली जातात, त्याच घरी तो खरोखर खाल्ला जातो. आमच्या घरी आता नूडल्स पूर्णतः बंद केलेल्या नाहीत, कारण मुलाच्या इच्छेवर फर्मान काढून काही साधत नाही; परंतु मसाल्याच्या पुडीतली निम्मीच पूड पडते आणि उरलेली चव आले, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू यांनी भरून निघते. निम्मी पुडी म्हणजे तिच्यातील मीठ निम्मे आणि ६३५ निम्मे. याला कोणी उतारा म्हणणार नाही. ही नुसती वजाबाकी आहे, आणि ती निश्चितपणे होते.

आता ज्यामुळे हे पत्र लिहिणे टाळता येईना ती गोष्ट. आमच्या गल्लीत एक मध्यमवयीन गृहस्थ आहेत, मधुमेह जुना. गेल्या वर्षी त्यांनी एका दुकानातून वनस्पतिजन्य चूर्णाचा महागडा डबा आणला. बाहेरच्या खाण्यातील सर्व रसायने हे चूर्ण शरीराबाहेर काढते, असे त्यावर लिहिले होते, आणि मेथी, हळद, पुदिना, कढीपत्ता यांची चित्रे होती. ते रोज सकाळी एक चमचा घेत, आणि त्या भरवशावर, जे फरसाण, पाव व शीतपेये त्यांनी कष्टाने सोडली होती, ती हळूहळू पुन्हा घरात आली. तीन महिन्यांनी साखरेची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी औषधे वाढविली. तो डबा मी मागून आणला आणि भिंग लावून पाहिला, तर घटकांच्या शेवटी ९५५ हा आकडा होता : सुक्रालोज. २०२२ साली इस्राएलमधील संशोधकांनी १२० निरोगी माणसांवर चाचणी केली, तेव्हा साखरेच्या बदली वापरायच्या चार द्रव्यांपैकी ज्या दोहोंमुळे ग्लुकोजला मिळणारा शरीराचा प्रतिसाद बिघडला, त्यांपैकी हे एक होय. एका मिश्रकाच्या इजेवर म्हणून विकलेल्या डब्यात दुसरे मिश्रक होते, आणि ज्या वनस्पतींनी त्या माणसाचे जेवण सुधारले असते, त्यांच्या चित्रांनी त्याचे पथ्य मोडले. आजही तो डबा त्यांच्या फडताळात आहे. टाकून देववत नाही, इतके त्याचे पैसे पडले आहेत.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ५३ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिराती व दावे यांविषयीचे आपले २०१८ चे विनियमही आहेत. तेव्हा नव्या कायद्याची मागणी मी करीत नाही. माझी दरखास्त अशी आहे की, 'शरीरातील रसायने बाहेर काढते', 'अन्नातील विषे निष्प्रभ करते' अशा अर्थाचा दावा, मग तो कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही पवित्र वनस्पतीच्या आडून केलेला असो, मनुष्यावरील पुराव्यावाचून छापता येणार नाही, असे आपण नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. मात्रा लिहावी. किती चमच्यांत किती द्रव्य, आणि ज्या प्रयोगाचा आधार घेतला त्यात ते किती दिले होते, हे दोन आकडे शेजारीशेजारी छापण्याची सक्ती करावी. मग ग्राहक आपला हिशेब आपण करील.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या विनियमांप्रमाणे वेष्टनावरील अनिवार्य तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. इतर भाषा जोडण्यास मुभा आहे, सक्ती नाही. आणि मिश्रकांच्या बाबतीत वर्गाचे नाव दिल्यावर पुढे द्रव्याचे नाव किंवा नुसता क्रमांक, यांपैकी काहीही चालते. अर्थात उत्पादक क्रमांक छापतात. जत किंवा आटपाडीच्या बाजारात जी बाई मुलासाठी पाच-दहा रुपयांची पुडी घेते, तिला 'रुचिवर्धक ६३५' यातून काय उमगावे? तिच्या नवऱ्याला मूत्रपिंडाचा विकार असेल आणि डॉक्टरांनी फॉस्फेट टाळायला सांगितले असेल, तर ४५१ म्हणजे तेच, हे तिला कोणी सांगावे? धान्यकडधान्यांतील फॉस्फरस शरीर अंशतःच शोषते, या क्षारांतला मात्र जवळजवळ सगळा शोषून घेते, आणि कोणतीही हिरवी जुडी त्याला परत आणू शकत नाही. टाळणे हाच तेथे उपाय आहे, आणि टाळायला नाव कळावे लागते.

राज्यसत्तेने मनात आणले तर सामान्य माणसाच्या हाती ओळखीची खूण देता येते, याचा एक दाखला मी दरवर्षी माझ्या वर्गात दाखवीत असे. वनस्पती तुपाचा सुळसुळाट झाला आणि साजूक तुपात ते मिसळले जाऊ लागले, तेव्हा आपल्या देशात असा नियम झाला की वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे. कारण तिळाच्या तेलात एक गुण आहे : हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर यांच्याबरोबर ते हलविले की तळाचा थर गुलाबी होतो. मुली घरून बाटलीच्या झाकणात तूप आणीत. आम्ही ते परीक्षानळीत पातळ करून, आम्ल व साखर घालून, पाच मिनिटे नळ्या स्टँडवर ठेवीत असू आणि सारा वर्ग श्वास रोखून पाहत राही. एखादी नळी गुलाबी झाली की ती मुलगी दुसऱ्या दिवशी तूपवाल्याला विचारीत असे. नियम करणाऱ्यांनी तिळासारखी घरची वस्तू परक्या वस्तूत साक्षीदार म्हणून बसविली होती. त्याच वनस्पती तुपातील ट्रान्स-मेदाचे काय झाले, तेही आपल्याला माहीत आहेच : आपणच ते २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्क्यांवर आणले. त्यासाठी कोणी लोकांना ओवा किंवा पुदिना खायला सांगितले नाही. द्रव्य घातक ठरले, म्हणून द्रव्य कमी केले. पावात वापरायचे पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये आपण असेच सरळ काढून टाकलेत. पायसीकारके आणि प्रोपिओनेट यांच्याविषयी जो पुरावा वर सांगितला, तो आपल्या तज्ज्ञ समित्यांनी भारतीय आहार समोर ठेवून फिरून तपासावा, एवढीच माझी त्याबाबत विनंती आहे. पाव आपल्याकडे आता तोंडी लावण्याची वस्तू राहिलेली नसून कित्येकांचे एका वेळचे जेवण झाला आहे.

आणि ज्या वनस्पतींच्या भरवशावर मी एवढे लिहिले, त्या तरी निर्मळ मिळाव्यात. हळदीचा रंग खुलावा म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा दुष्ट प्रकार आपल्याला ठाऊक आहे. बांगलादेशाने या बाबतीत जे केले ते मनावर घेण्यासारखे आहे. २०१९ मध्ये तेथील बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडत होते. सरकारने प्रचार केला, बाजारात क्ष-किरणांची हातात धरायची यंत्रे नेऊन जागेवर तपासणी केली, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; त्या नावाखाली देशभर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीचा इतबार राखण्यासाठी अशी यंत्रे आपल्याकडील घाऊक बाजारांत कायमची असावीत. मसाले आणि स्वयंपाकातील वनस्पती यांची जागतिक मानके ठरविणारी, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाची समिती २०१३ पासून भारताच्या यजमानत्वाखाली आहे आणि तिची पहिली बैठक २०१४ साली कोचीत भरली होती. जगाला कोथिंबीर कशी असावी हे सांगण्याचा मान आपल्याकडे असताना, घरच्या बाजारातील जुडीवर कोणते कीटकनाशक किती उरले आहे हे तालुक्याच्या गावी मोजता येऊ नये, हे मला पटत नाही.

शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अति मीठ, साखर व मेद असलेले पदार्थ विकू नयेत, हा आपला २०२० चा नियम उत्तम आहे. त्याच्या अंमलबजावणीत मुख्याध्यापकांना एकटे सोडू नये. ज्या शाळांनी परसबागा केल्या आहेत तेथे मेथी महिनाभरात आणि कोथिंबीर दीड महिन्यात काढणीस येते, आणि ती मुलांच्या दुपारच्या खिचडीवर पडते. ज्या मुलाने आपल्या हाताने पेरलेली कोथिंबीर खाल्ली, त्याला तिच्या वासाची ओळख होते, आणि पुडीतली चव तिच्यासमोर त्याला एकसुरी वाटू लागते. हे मी माझ्या घरी पाहत आहे.

मिश्रकांची नावे लोकांच्या भाषेत छापण्यास जागेची सबब पुढे येईल, हे मी जाणून आहे. पुडा लहान, राज्ये अनेक, भाषा अनेक, नावे लांब. त्यासाठी नातवाने एक काम केले, ते या पत्रासोबत पाठवीत आहे. नूडल्सच्या त्या पुड्याच्या दर्शनी बाजूस वाफाळलेल्या वाडग्याचे चित्र आहे आणि त्यावर हिरवीगार कोथिंबीर पेरलेली आहे. आत ती नसते, आणि चित्र केवळ सूचनार्थ असल्याचे बारीक अक्षरांत लिहिलेलेही आहे. चित्रातल्या त्या कोथिंबिरीने जेवढी जागा अडविली आहे, तेवढाच कागद त्याने मापून कापला आणि टोकदार शिसपेन्सिलीने त्यावर सातही द्रव्यांची नावे मराठीत लिहिली : पोटॅशियम कार्बोनेट, गवारीचा गोंद, फॉस्फेट, चव वाढविणारे क्षार, लिंबातले आम्ल, करपविलेल्या साखरेचा रंग, हळदीचा रंग. सर्व नावे बसली. खाली दोन ओळींची जागा उरली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
सांगली